वाचकांचे प्रश्न : आमसूल, आगळ आणि मुठेल

प्रश्न : अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आमसुलाचं पाणी लावतात, छातीत जळजळलं तरी तेच प्यायला देतात. दोन्हींवर एकच उपाय कसा?

उत्तर : घोळ ‘पित्त’ या शब्दाचा आहे. अंगावर उठतात त्या गांधी, बहुतेकदा अ‍ॅलर्जीच्या. जळजळ होते ती पोटातल्या आम्लाने. नाव एक पडलं म्हणून औषधही एक झालं.

गांधींसाठी पाच-सहा आमसुलं पाण्याखाली झटकन धुवा, म्हणजे वरचं मीठ जाईल. अर्धी वाटी गार पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, गाळा आणि कापसाने लावा. गारव्याने खाज दबते, गांधी ज्यामुळे उठल्या ते कारण मात्र जात नाही. खाजवून कातडं सोललं असेल तर लावू नका. आत मुरलेलं मीठ आणि आंबटपणा दोन्ही झोंबतात. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर आमसुलाचा डबा शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्यायचं असेल तर पेलाभर पाण्याला चार आमसुलं, चिमूटभर जिरेपूड, सुपारीएवढा गूळ. वरून मीठ नको. जड जेवणानंतर याने अनेकांना हलकं वाटतं. पण उपाशीपोटी घेतलं, किंवा अल्सर असेल, घशाशी आंबट येत असेल, तर जळजळ वाढू शकते. आमसूल शेवटी आंबटच! आणि हे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका, कळकतं.

प्रश्न : कोकमाची बाटली आणली, सरबत केलं, ते खारट झालं. बाटली खराब होती का?

उत्तर : नाही, तुम्ही आगळ आणलंत. आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घालून टिकवलेला रस, सोलकढीसाठीचा. सरबताचं ते अमृतकोकम, साखरेतलं. आमसूल म्हणजे सालं मीठ घातलेल्या रसात भिजवून वाळवायची, पुन्हा भिजवायची, असे पुट देत केलेली. म्हणून रक्तदाब असलेल्यांनी आगळ-आमसूल जपून, मधुमेह असलेल्यांनी अमृतकोकम जपून. ‘कोकम प्रकृतीला चांगलं’ एवढ्यावर बाटली रिकामी करू नये.

प्रश्न : घरी अमृतकोकम घातलं. चौथ्या दिवशी फेस आला, दारूसारखा वास सुटला. काय चुकलं?

उत्तर : बरणीत पाणी शिरलं. रातांबे धुऊन तसेच ओले चिरले असतील, बरणी ओलसर असेल, नाहीतर साखर कमी पडली असेल. दाट साखरेत यीस्ट वाढत नाही, पाक पातळ झाला की आंबतो.

फळं धुऊन, पुसून, तासभर कापडावर पसरा. पावसात भिजलेली घेऊच नका. बिया-गर काढून एक किलो सालांना दोन किलो साखर, काचेच्या बरणीत थरावर थर, सगळ्यात वर साखरेचा थर. तोंडाला फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवा, रोज कोरड्या लाकडी डावाने तळापासून हलवा. साखर तळाशी बसून राहिली तर वरची सालं उघडी पडतात आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. साखर पूर्ण विरघळली की गाळून बाटलीत भरा. बाटली अंधारात ठेवा, उजेडाने लाल रंग विटतो. तुमचं आंबलेलं मात्र टाकून द्या.

प्रश्न : टाचांना रोज मुठेल लावते, तरी भेगा भरत नाहीत.

उत्तर : मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, थंडाव्यात दगडासारखं घट्ट असतं. तसंच घासलं तर वरच्यावर राहतं. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मेलेली कातडी हलक्या हाताने काढा, टिपून कोरडे करा. चमचाभर मुठेल मंद आचेवर फक्त वितळेपर्यंत धरा, कोमट झालं की भेगेत जिरवा आणि मोजे घाला. कडकडीत ओतायची पद्धत काही घरांत आहे, ती सोडाच. त्याने भेगेची जखम होते. मधुमेह असेल किंवा भेगेतून रक्त, पू येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : कोकमाने वजन उतरतं का?

उत्तर : सालीतल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लामुळे हा बोलबाला झाला. वजन उतरल्याचा भरवशाचा पुरावा नाही. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. सोलकढी प्या, गोळ्या नकोत.