हजेरीपुरतं कॉलेज करू नकोस

अगं, ७५ टक्के हजेरी भरली की सुटलो, असं तुलाही कुणीतरी सांगितलंच असेल. मी पहिलं वर्ष तसंच काढलं. शेवटचं लेक्चर सुटलं की तुर्भ्याहून ठाणे लोकल आणि थेट घर. मार्क बरे पडले, पण वर्गात माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल संपल्यावर तासभर थांबायला लागले. मैत्रिणीला एक प्रयोग समजावायला गेले आणि अडखळले. सगळं पाठ होतं, कळलेलं काहीच नव्हतं! माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८४ साली हेच मांडलं होतं: विद्यार्थी स्वतःची किती शक्ती आणि किती मन घालतो, त्यावर त्याची वाढ ठरते.

एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, जरूर घे. वर्षाला १२० तास जातात, पण सात दिवसांच्या शिबिरात अनोळखी पोरींशी जुळवून घ्यायला शिकशील. (चहा पाणचट असतो, तेवढं सोस.) प्रत्येक कमिटीत मात्र नाव देत सुटू नकोस, एकच पुरे. आणि पुस्तकांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं.