पाळणा, पलंग आणि हॉलमधला सोफा

*ताई, सव्वा महिना झाला आणि मी बाळाला घेऊन माहेराहून डोंबिवलीला आले. घर वन बीएचके. नवऱ्याने हौसेने कॉट आणली, पण ती बेडरूममध्ये ठेवली की कपाटाचं दार उघडत नाही. सासूबाई म्हणतात, तान्हं पोर आईच्या कुशीतच हवं, पिंजऱ्यात कशाला? डोकं गोल व्हावं म्हणून त्यांनी मोहरीची उशीही शिवलीय. रात्री नवऱ्याची झोपमोड नको म्हणून मी हॉलमध्ये सोफ्यावर बसून पाजते, कधी कधी तिथेच डोळा लागतो. बाळाला झोपवू तरी कुठे?*

अगं, कॉटचं तू विचारलंस आणि सोफ्याचं जाता जाता सांगून टाकलंस. मला काळजी लागलीय ती त्या सोफ्याची. आईचा डोळा लागला की बाळ घसरून बैठक आणि पाठ यांच्या फटीत जातं, नाक दबतं, आणि एवढ्याशा जिवाला मान सोडवून घेता येत नाही. पलंगापेक्षाही सोफा वाईट. आज रात्रीपासून बेडरूममध्येच पाज. नवरा उठला तर उठू दे, ढेकर काढायचं काम त्याला दे. त्याला सकाळची लोकल गाठायची असते हे खरं, पण तुला कुठे रविवार असतो?

आता जागा. खोली तुमचीच, अंथरूण बाळाचं वेगळं, निदान पहिले सहा महिने. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्येही हेच सांगितलंय. त्यासाठी कॉटच हवी असं मुळीच नाही. पलंगाशेजारी जमिनीवर घट्ट भरलेली कापसाची गादी घाल, वर ताणून चादर. हाताने दाबून बघ, रुतली तर ती बाळाची नाही. उशी, लोड, गोधडी, खेळणी काही नको. छत्रीची मच्छरदाणी चालेल. दूध सांडतं तिथे मुंग्या येतात, तेवढं रोज बघ. आणि बाळाला उताणंच झोपवायचं, दुपारीही. पालथं घातलं की गाढ झोपतं, हे खरंच; पण १९९४ पासून अमेरिकेत उताणं झोपवायचा प्रचार झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दशकभरात जवळपास निम्म्यावर आलं.

सासूबाई अगदीच चुकत नाहीत. त्यांच्या वेळी कूस होती ती जमिनीवरच्या कडक अंथरुणावर. तुमच्या पलंगावर फोमची गादी, जाड रजई आणि शेजारी दमून झोपलेला गडी. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल, बाळ वेळेआधी किंवा अडीच किलोच्या आतलं जन्मलं असेल, तर पलंगावर शेजारी झोपवणं नकोच. नाहीतर पाजताना डुलकी लागेल असं वाटलं, तर आधीच उशा-रजई बाजूला कर आणि जाग आली की बाळाला त्याच्या गादीवर ठेव.

उशीचं अवघड आहे, कारण ती हाताने शिवलेली आहे. माझ्या सासूबाईंनीही शिवली होती, मी ती कपाटात लपवली आणि आठवडाभर घरात अबोला. तू लपवू नकोस. बाळ जागं असताना त्यांनीच त्याला मांडीवर पालथं घेऊन खेळवावं, डोकं चपटं होऊ नये म्हणून तोच उपाय आहे. आणि दीड महिन्याच्या लशीला जाशील तेव्हा त्यांना बरोबर ने. उशीचं डॉक्टरांना त्यांनाच विचारू दे, तू मध्ये बोलू नकोस.