दुरुस्तीसाठी बंद केलेल्या व्हॉल्व्हवर इशाऱ्याचा टॅग असताना वेगळे कुलूप कशाला, आणि घ्यायचेच तर कोणते साधन घ्यावे?

टॅग पुरत नाही. हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात मी 22 वर्षे मेंटेनन्स फोरमन होतो आणि नेमक्या याच प्रश्नावरून तेथील मॅनेजरसाहेबांशी माझे शेवटपर्यंत जमले नाही.

मे महिन्यातील दुपार होती. ड्रायरच्या स्टीम लाइनवरील ट्रॅप, म्हणजे वाफेचे साचलेले पाणी बाहेर काढणारा भाग, बदलायचा होता. मी चाक फिरवून बंद होणारा ग्लोब व्हॉल्व्ह बंद केला, ड्रेन उघडून गेज शून्यावर आल्याची खात्री केली आणि हँडव्हीलला, म्हणजे त्या चाकाला, ‘काम चालू आहे’ असा पुठ्ठ्याचा टॅग सुतळीने बांधला. तीनला पाळी बदलली. तोपर्यंत ग्लँडमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, झिरपणाऱ्या वाफेने पुठ्ठ्याचा लगदा होऊन तो खाली गळून पडला होता आणि हँडव्हीलवर सुतळीची नुसती गाठ उरली होती. ड्रायर तापत नाही हे पाहून नव्या पाळीच्या ऑपरेटरने व्हॉल्व्ह दीड फेरा उघडला, तेव्हा माझा हेल्पर फ्लँजचे (पाइपच्या जोडाचे) शेवटचे दोन बोल्ट सोडवत होता. 10 किलो दाबाची वाफ सुमारे 180 अंशांची असते. त्याचा हातमोजा काढताना मनगटाची कातडीही सोबत निघाली.

साहेबांचा निष्कर्ष असा की टॅग नीट बांधलेला नव्हता. आठवड्याभरात लॅमिनेट केलेले शंभर टॅग आले. कुलपे यायला आणखी दोन वर्षे लागली.

कागदावर भिस्त ठेवल्याने काय होते, हे जगाने 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-फलाटावर पाहिले. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला आहे, ही परमिटवरील (कामाच्या परवान्यावरील) नोंद रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही, तो पंप सुरू केला गेला आणि 167 माणसे गेली.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. गेट आणि ग्लोब व्हॉल्व्हला हँडव्हील पूर्ण झाकणारे दोन अर्ध्या भागांचे कव्हर घ्यावे. त्याचे माप पाइपचे नव्हे, हँडव्हीलच्या बाहेरील व्यासाचे द्यावे, कारण निम्म्या ऑर्डरी येथेच चुकतात. बॉल व्हॉल्व्हला दांडा बंद स्थितीत जखडणारे साधन लागते. आऱ्यांतून साखळी ओवून कुलूप लावण्याची आपल्याकडील पद्धत मला मान्य नाही, कारण साखळी सैल असली की चाक अर्धा फेरा सहज फिरते आणि वाफेला तेवढे पुरते. स्टीमच्या व्हॉल्व्हवर प्लास्टिकचे कव्हर मऊ पडते, तेथे पोलादी घ्यावे. कामावर जितकी माणसे, तितकी कुलपे; त्यासाठी अनेक भोकांचा हॅस्प, म्हणजे एकाच जागी अनेक कुलपे लावता येतील अशी कडी, मिळतो.

मात्र पासिंग असलेला, म्हणजे बंद केल्यावरही आतून गळणारा व्हॉल्व्ह कुलूप लावूनही गळतोच. तेथे ब्लाइंडच, म्हणजे पाइप बंद करणारी भरीव चकतीच, टाकावी लागते. फायर लाइनचे व्हॉल्व्ह आणि जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या आधीचा व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत कुलूपबंद ठेवायचे असतात, हे नव्या मुलांना आवर्जून सांगावे.

आता मुख्य मुद्दा. कुलपे आली तेव्हा साहेबांनी प्रत्येकाची दुसरी चावी स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली. ज्या कुलपाची चावी दुसऱ्याच्या खणात आहे, ते कुलूप माझ्या दृष्टीने टॅगच आहे. त्यांचे म्हणणे असे की माणूस चावी घेऊन घरी गेला तर प्लांट थांबतो. अमेरिकेच्या कुलूप-टॅगविषयीच्या 1989 च्या नियमातही मालकाला अशा वेळी कुलूप काढण्याची मुभा आहे, पण तो माणूस आवारात नाही याची खात्री करून, त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न करून आणि तो पुन्हा कामाला लागण्यापूर्वी त्याला कळवूनच. खणातली चावी यातले काहीच विचारत नाही.

आणि हो, मीही एकदा चावी खिशात घालून काटोल रोडवरील घरी गेलो होतो. रात्री दीडला कंपनीची जीप दारात आली आणि ड्रायव्हरने चावी मागितली. मी ती त्याच्या हातात दिली नाही. शर्ट चढवला, जीपमध्ये बसलो आणि लाइन स्वतः तपासूनच कुलूप काढले.