दीड हजार रुपये खात्यात आले की घरात काय होतं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. लाडकी बहीण, पीएम किसान यांचे पैसे थेट खात्यात येऊन गावातल्या गरीब घराचं खरंच भलं होतं, की ते दारू-मोबाइलात जातात? बाया कामाला यायच्या बंद झाल्यात हे खरं का? आणि पैशाऐवजी धान्य दिलेलं बरं नाही का? मी परभणी-हिंगोली भागात बरीच वर्षं बचत गटांचे हिशेब बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. पैसा मिळाल्यानं गरीब घर बिघडत नाही. पण त्या पैशाचा उपयोग किती होणार हे रकमेपेक्षाही तो ठरल्या वेळी येतो का, यावर ठरतं. आपल्याकडे भांडण सगळं रकमेवर होतं, 1500 की 2100. तारखेबद्दल कुणी बोलत नाही.

दारूचं लवकर संपवते. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये अनेक देशांतल्या अशा योजनांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात दिसलं नाही. नवरा पिणारा असेल तर तो या पैशाआधीही पीतच होता. पैसा बाईच्या खात्यात येतो तेव्हा त्याला तो मागावा लागतो, आणि मागितल्यावर प्रत्येक वेळी मिळतोच असं नाही. काही घरांत यावरून मारहाण होते, हेही मी पाहिलंय. तिथे खातं बाईचं असूनही मोबाइल नवऱ्याकडे असतो, मेसेज त्यालाच आधी कळतो.

मग पैसा जातो कुठे? बहुतेक घरांत पहिल्यांदा किराणा दुकानाच्या वहीत. हे ऐकून लोक म्हणतात, म्हणजे उधारीतच गेला, उपयोग काय? उपयोग मोठा आहे. उधारीवर माल घेणाऱ्या बाईला भाव विचारता येत नाही, दुकान बदलता येत नाही, तेलाचा छोटा पुडा घ्यावा लागतो. वही कोरी झाली की ती नगद घेऊन आठवडी बाजारात जाते. तिथे चार ठिकाणी भाव करते, डाळ एकदम दोन किलो घेते. तेवढ्याच पैशात घरात जास्त येतं. त्यानंतरचा खर्च पोरांच्या वह्या, एसटीचं भाडं, दवाखाना यांवर. दवाखान्याचं विशेष सांगते. पैसे नसले की बाई स्वतःचं दुखणं अंगावर काढते, फार झालं की मग हातउसने मागून जाते. पाचशे रुपये हाताशी असले तर ती ताप आल्या दिवशीच जाते.

चौथा वाटा मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायांना छोटी कर्जं देणाऱ्या खासगी कंपन्यांच्या हप्त्याचा, आणि इथे मला काळजी वाटते. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज घेण्याचा फेरा दीड हजारानं काही घरांत थांबला, हे चांगलं झालं. पण वसुलीला येणारे लोक आता हे पैसे धरूनच बाईची ऐपत मोजतात आणि नवं कर्ज पुढे करतात. सरकारी हप्ता एक-दोन महिने लांबला की ती बाई पहिल्यापेक्षा खोल जाते.

आता मजुरांचा प्रश्न. हिशेब करून बघा. आमच्याकडे बाईची रोजची मजुरी तीनशेच्या आसपास आहे, म्हणजे दीड हजार म्हणजे पाच दिवसांचा रोज. पाच दिवसांच्या पैशावर कुणी महिनाभर घरी बसत नाही. सहा देशांतल्या सात योजना तपासणारा एक अभ्यास 2017 मध्ये छापून आला. नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी त्याच्या लेखकांपैकी एक. लोकांनी काम सोडल्याचं त्यांनाही कुठे आढळलं नाही. 2011 पासून मध्य प्रदेशात इंदूरच्या बाजूला 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख देऊन पाहिली, मोठ्या माणसाला आधी 200 मग 300 रुपये, लेकरांना त्याच्या निम्मे. तिथे लोक दुसऱ्याकडची मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबायला लागले.

आमच्याकडे मला जो बदल दिसतो तो नाही म्हणण्याचा. भर उन्हात, कमी दरात, "पैसे नंतर देतो" म्हणणाऱ्याकडे जायचं बाई टाळू शकते. निंदणीला किंवा कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खोटी नाही, त्याच्या कापसालाही भाव नसतो. पण वेचणी सगळ्या गावाची एकाच वेळी निघते, आणि त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडलेल्या असतात. लाडकी बहीण 2024 मध्ये आली, ही ओढाताण त्याआधीपासूनची आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला तर या योजनेनं थांबवलेलं मी पाहिलं नाही. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीच हातात येणारी आगाऊ रक्कम, एकदम मोठी मिळते, तिच्यापुढे दीड हजार टिकत नाहीत.

आता तारखेकडे येते. केनियात 2011 ते 2013 दरम्यान एका प्रयोगात काही घरांना दरमहा पैसे दिले, काहींना एकरकमी. दरमहा मिळणाऱ्यांच्या घरात खाणं सुधारलं, एकरकमी मिळालेल्यांनी पत्र्याचं छप्पर वगैरे टिकाऊ वस्तू केल्या. दोन्ही उपयोग चांगलेच, पण वेगळे. पीएम किसानचे दोन हजार रुपये दर चार महिन्यांनी येतात, ते बी-खताला लागतात. लाडकी बहीणचे पैसे महिन्याचे म्हणून ठरले, पण आले कसे बघा. ऑगस्ट 2024 मध्ये दोन महिन्यांचे तीन हजार एकदम, निवडणुकीआधी नोव्हेंबरचा हप्ता ऑक्टोबरातच, 2025 चा फेब्रुवारीचा हप्ता मार्चमध्ये. अशा पैशावर बाई भिशी लावू शकत नाही, पोराच्या शिकवणीची फी कबूल करू शकत नाही. किराणावाला पुन्हा वही उघडतो. 5 तारखेला नक्की येणारे हजार रुपये मी केव्हाही येणाऱ्या दीड हजारांपेक्षा मोलाचे मानते.

धान्य की पैसे? याचं उदाहरण आपल्या दारातच आहे, पण त्याची चर्चा फार होत नाही. मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळायचं, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोनं. 2023 पासून त्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात देणं सुरू झालं, 2024 मध्ये ते 170 झाले. म्हणजे किलोला 34 रुपये. गव्हाचा भाव वाढला की तेवढ्या पैशात 5 किलो येत नाहीत, आणि रक्कम वाढवून घ्यायला पुन्हा शासन निर्णयाची वाट बघायची. रोख रकमा अशाच अडकून राहतात. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाच्या माणसाला कित्येक वर्षं केंद्राकडून 200 रुपयेच मिळताहेत. पीएम किसानही 2019 पासून वर्षाला 6000 वरच आहे. झारखंडात नगडी तालुक्यात 2017 मध्ये रेशनऐवजी पैसे देऊन पाहिले. लोकांना आधी बँकेत जाऊन पैसे काढायचे, मग तेच घेऊन रेशन दुकानात 32 रुपये किलोनं तांदूळ घ्यायचा, अशी दोन ठिकाणची पायपीट झाली. लोकांनी विरोध केला आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. म्हणून माझं उत्तर: रेशन तसंच ठेवा, पैसे त्याच्यावर द्या.

एक गोष्ट मात्र लाडकी बहीणमध्ये पीएम किसानपेक्षा चांगली आहे. पीएम किसान सातबारा बघतं. ज्या घरात जमीनच नाही त्याला काही नाही, आणि जमीन असली तरी नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. इथे भूमिहीन बाईलाही स्वतःच्या नावानं पैसे मिळतात. पण 2025 च्या ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून ओळख तपासताना, पती किंवा वडिलांचं आधार मागितलं, तेव्हा विधवा आणि टाकलेल्या बायकाच अडकल्या. सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती.

तुम्ही सुट्टीत गावात फिरून माहिती घेणार आहात म्हणालात. "पैशाचं काय केलं?" असं विचारू नका, सगळ्या जणी शिक्षण आणि औषध असंच सांगतील. मागच्या सहा महिन्यांत हप्ता कोणत्या तारखांना आला ते पासबुकावर बघा. दुकानाची उधारी दोन वर्षांपूर्वी किती होती आणि आज किती, हे विचारा. पैसे काढायला बँकेत जातात की बँक मित्राकडे (गावात अंगठ्यावर पैसे देणारा बँकेचा माणूस), आणि तो अंगठा घेताना किती कापतो, हेही. आणि "माझे पैसे आलेच नाहीत" म्हणणारी भेटली तर तिचं आधार शेवटी कोणत्या बँकेत जोडलं गेलं ते आधी तपासा. थेट लाभाचे पैसे तिथेच जातात, आणि गटाच्या कर्जासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी कधीतरी उघडलेलं ते खातं तिच्या लक्षातही नसतं.