भर उन्हात कॉकपिटमधील आकडे कसे दिसतात?

प्रश्न : मे महिन्यात भर दुपारी महाराज बाड्यावर मोबाईलने पैसे देताना स्क्रीनवर काहीच दिसेना, शेवटी दुकानाच्या छपराखाली जाऊन आकडा वाचावा लागला. आमच्या घरावरून मिराज विमाने जातात तेव्हा मनात येते की, वर इतक्या उन्हात वैमानिकाला पडद्यावरचे आकडे कसे दिसत असतील? तेथे केवळ उजेड वाढवलेला असतो का? शिवाय, पोलराइज्ड गॉगल लावला की माझा फोन कधीकधी काळाच दिसतो, तो का?
– एक वाचिका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : उजेड वाढवलेला असतो, पण खरे काम त्याने होत नाही. आपण एक प्रयोग करून पाहावा. बंद फोन उन्हात धरून त्याच्या काचेत पाहिले की आपलेच कपडे दिसतात. ते पांढरे असतील तर काळी काच राखाडी होते आणि गडद रंगाचे असतील तर काळीच राहते. आकडे पुसले जातात ते या राखाडी पडद्यामुळे.

भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे 1 लाख लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) असते. अशा उन्हात पांढऱ्या सदऱ्याची तेजस्विता साधारण 25 हजार निट (डोळ्यांना पृष्ठभाग किती उजळ दिसतो ते मोजण्याचे एकक) भरते आणि साधी काच आपल्या एका पृष्ठभागावरून त्यातील सुमारे 4 टक्के, म्हणजे 1,000 निट, परत फेकते. फोनचा पांढरा रंग 500 निटांचा धरला तर उन्हात पांढरे 1,500 आणि काळे 1,000 होते, म्हणजे दोहोंत जेमतेम दीडपटीचा फरक उरतो. फोनचा उजेड दुप्पट केला तरी हा फरक दुपटीपर्यंतच जातो. याउलट, उजेड तितकाच ठेवून काचेचे परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणले, तर काळे 125 आणि पांढरे 625 होऊन फरक थेट पाचपट होतो. मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रकाश वाढवण्यापेक्षा काळे काळेच ठेवणे किती मोलाचे आहे, ते त्यातून दिसते.

म्हणून कॉकपिटमधील पडद्यांच्या काचेवर चष्म्याच्या काचेसारखाच परावर्तनरोधी लेप असतो. त्याचा एकेक थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि थराच्या दोन्ही बाजूंनी परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. वरची काच आणि आतले पटल यांच्यामध्ये हवा राहिली तर आणखी दोन पृष्ठभाग चकाकतात, त्यामुळे ती फट पारदर्शक चिकट द्रव्याने भरून काढतात. एवढे झाल्यावर मग उजेडाचा विचार येतो. तो बहुधा 1,000 निटांच्या आसपास ठेवतात, मात्र रात्री वैमानिकाचे डोळे दिपू नयेत म्हणून तोच पडदा अगदी मंदही करता यावा लागतो. प्रवासी विमानात समोरच्या पटलावर काळ्या, चकाकी नसलेल्या पृष्ठभागाचा आडोसाही असतो. लढाऊ विमानाच्या घुमटाकार काचेतून ऊन वैमानिकाच्या खांद्यावरून, मागच्या बाजूनेही पडद्यावर पडते, आणि तेथे या आडोशाचा उपयोग कमी होतो.

आता गॉगलविषयी. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावणारा असतो आणि पोलराइज्ड काच ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडते. या दोन दिशा काटकोनात आल्या की पडदा काळा पडतो. याच कारणाने अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था एफएए वैमानिकांना असे गॉगल वापरू नयेत असे सुचवते. आपण फोन थोडा फिरवला की अक्षरे पुन्हा दिसू लागतात, वैमानिकाला मात्र समोरचे पटल फिरवता येत नाही.