अर्ज लांबला की काम लांबतं

प्रश्न : सर, मी पारोळा तालुक्यातला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव 'सुनंदा'ऐवजी 'सुनीता' छापलं गेलंय. कनिष्ठ महाविद्यालयात अर्ज घेऊन गेलो, तर 'नीट लिहून आणा' म्हणून परत पाठवलं. आमच्या घरी अहिराणी बोलतात, ऑफिसची भाषा मला जमत नाही. म्हणून चॅटजीपीटीकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. तो देऊ का? दोन्ही अर्ज सोबत पाठवतोय. सुट्टीत जळगावला ठिबकच्या कंपनीत काम मिळावं म्हणून मेलही करायचाय.

उत्तर : तुझे दोन्ही अर्ज वाचले. इंग्रजी अर्ज आधी बाजूला ठेव. त्यात खाली 'येथे आपले नाव लिहा' अशा अर्थाची ओळ चौकटी कंसात तशीच राहिलीय, आणि मध्येच कुठल्याशा नियमाचा क्रमांक घुसवलाय. असा नियम आहे का, हे तू तपासलंस? खाली सही तुझी असणार, जाब तुलाच विचारतील. शिवाय इंग्रजीची गरजही नाही. १९६४च्या राजभाषा अधिनियमापासून राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. लिपिक मराठीत टिपणी लिहितो, साहेब मराठीत शेरा मारतात.

आता तुझा मराठी अर्ज. दीड पान आहे. विषय लिहिलास 'नावाबाबत'. पहिला परिच्छेद गरीब शेतकरी कुटुंबाचा, दुसरा कापसाच्या भावाचा, तिसरा तुझ्या होतकरूपणाचा. नाव चुकलंय हे वाचायला पान उलटावं लागतं, आणि बरोबर नाव कोणतं ते तर तू लिहिलेलंच नाहीस! 'नीट लिहून आणा' म्हणणाऱ्याचा मला राग येत नाही. फक्त नीट म्हणजे कसं, तेही त्यानं सांगायला हवं होतं.

ऑफिसात अर्जाचं काय होतं ते बघ. आवक टेबलावर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, आणि तिथला माणूस तुझा विषय उचलून रजिस्टरमध्ये उतरवतो. संपूर्ण अर्ज तो वाचत नाही, वाचायला वेळही नसतो. त्या एका ओळीवरून अर्ज कोणत्या टेबलावर जायचा ते ठरतं. 'नावाबाबत' हा विषय कुठल्याही टेबलाचा होऊ शकतो, म्हणजे कुठल्याच टेबलाचा नाही.

भाषेचं म्हणशील, तर अहिराणीची अडचण मानू नकोस, तिचाच उपयोग कर. कागद घेण्याआधी घरात तोंडी सांगून बघ, 'मार्कशीटवर आईनं नाव चुकेल शे, दुरुस्त करी द्या.' झाला तुझा विषय. कापूस आला का त्यात? नाही ना. हेच कागदावर असं उतरेल :

प्रति, मा. प्राचार्य (कनिष्ठ महाविद्यालयाचं नाव, गाव).
विषय : इयत्ता बारावीच्या गुणपत्रिकेतील आईच्या नावाची दुरुस्ती होणेबाबत.
महोदय, मी आपल्या महाविद्यालयातून (महिना, वर्ष) मध्ये बारावी विज्ञान परीक्षा उत्तीर्ण झालो. बैठक क्रमांक अमुक. माझ्या गुणपत्रिकेवर आईचे नाव 'सुनीता' असे छापले गेले आहे. ते 'सुनंदा' असे हवे. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमध्ये व माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर 'सुनंदा' अशीच नोंद आहे. तरी दुरुस्तीचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवावा, ही विनंती.

खाली सही, पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल, तारीख. डाव्या बाजूला 'सोबत' लिहून जोडलेले कागद एकाखाली एक : बारावीची गुणपत्रिका, दहावीची गुणपत्रिका, जनरल रजिस्टरचा (म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचा) उतारा, आधार. रजिस्टरमध्ये काय नोंद आहे ते आधी डोळ्यांनी बघून ये, मगच तसं लिही. चूक रजिस्टरमध्येच असेल, तर प्रस्ताव वेगळा होतो आणि कागदही जास्त लागतात.

'मा. प्राचार्य' का, तर अशा दुरुस्त्या शाळा-महाविद्यालयामार्फत मंडळाकडे जातात. जळगाव, धुळे, नंदुरबारचं विभागीय मंडळ नाशिकला आहे. तू अर्ज थेट शिक्षणमंत्र्यांच्या नावे लिहून खाली जिल्हाधिकाऱ्यांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांना 'प्रत माहितीस्तव' दिलीस! त्यानं कुणी घाबरत नाही. उलट ज्यानं काम करायचं, तोच नाराज होतो.

परिस्थिती अजिबात लिहायची नाही का? लिही, पण फीमाफी मागताना. इथे तिचा संबंध नाही. घाई असेल तर तेवढं एक वाक्य घाल, 'अमुक तारखेला कागदपत्र पडताळणी असल्याने दुरुस्ती त्यापूर्वी व्हावी.' 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' यापेक्षा ती तारीख जास्त काम करते.

अर्जाच्या दोन प्रती ने. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. ही पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. 'ठेवून जा, बघतो' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य आहे. त्यावर हसून म्हणायचं, 'भाऊ, तेवढा शिक्का मारून द्या.' काही आठवडे हालचाल दिसली नाही, तर स्मरणपत्र दे आणि त्यात 'संदर्भ' म्हणून जुन्या अर्जाची तारीख व आवक क्रमांक टाक. पोच नसेल तर संदर्भ कशाचा देणार?

तरीही शांतता असेल, तर माहितीचा अधिकार. २००५चा कायदा आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत लिहायचा असतो. इथे बरेच जण 'माझं काम का केलं नाही?' असं विचारून फसतात. कायद्यानं माहिती मागता येते, जाब नाही. म्हणून 'माझ्या दि. अमुकच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची व संबंधित टिपणीची प्रत मिळावी' असं माग. टिपणीच लिहिली गेली नसेल, तर हा अर्ज आल्यावर बहुधा ती लिहिली जाते.

ठिबक कंपनीचा मेलही याच चालीवर. विषयात काम, शिक्षण, कालावधी : 'सुट्टीतील प्रशिक्षणासाठी अर्ज, बीएस्सी द्वितीय वर्ष, मे-जून'. मजकूर सात-आठ ओळींचा. त्यात 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' नको, सगळेच लिहितात. घरच्या शेतात ठिबक असेल, लॅटरल म्हणजे ठिबकच्या नळ्या धुणं, फिल्टर साफ करणं, व्हेंच्युरीतून खत सोडणं हातानं केलं असेल, तर ते लिही. शहरातल्या मुलाकडे ते नसतं. बायोडेटा पीडीएफमध्ये, फाईलला स्वतःचं नाव. आणि तो 'किंग' असलेला ईमेल आयडी मित्रांपुरता ठेव.

या लिखाणाला पुढेही भाव आहे. सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, ते मुलं मिळवतात. पण टायपिंग येणाऱ्याला मसुदा करता येतोच असं नाही. पतसंस्था असो, ग्रामपंचायत असो की केळी पाठवणाऱ्याचं ऑफिस, मसुदा करणाऱ्याच्या टेबलाशी साहेब स्वतः येतात.

एक राहिलं. आईचं आधार कार्ड काढून बघ. त्यावर 'सुनंदा' आहे की 'सुनंदाबाई'? 'बाई' असेल, तर शाळेच्या नोंदीप्रमाणे कोणतं नाव कायम ठेवायचं ते घरात बसून आधी ठरवा, मग अर्ज दे. नाहीतर सहा महिन्यांनी याच खिडकीवर दुसरा अर्ज घेऊन उभा राहशील.