वाचकांचे प्रश्न : बेटांवरची समुद्री कासवं

वेळासला कासवाची अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या वाळूत, ठेवतात. लक्षद्वीपमध्ये मात्र घरट्याला हात लावू नका म्हणतात. असं का?
– एक वाचक, चिपळूण

धोका वेगळा, म्हणून उपाय वेगळा. कोकणात कोल्हे, कुत्री आणि माणसं घरटं एका रात्रीत रिकामं करू शकतात. लक्षद्वीपमध्ये भटकी कुत्रीच नाहीत. तिथे मोठी भीती भरतीच्या पाण्याची आणि किनाऱ्याच्या धुपेची. त्यामुळे घरटं भरतीरेषेच्या वर, झुडपांच्या कडेला असेल तर ते तसंच राहू द्यावं. रेषेखाली असेल तरच हलवावं, तेही अंडी घातल्यापासून दोन-तीन तासांच्या आत.

घाई एवढ्यासाठी, की काही तासांतच गर्भ कवचाला वरच्या बाजूने आतून चिकटतो. तिथे पांढरा ठिपका दिसू लागतो आणि पसरत जातो. त्यानंतर अंडं फिरलं किंवा त्याला हिसका बसला, तर आतले नाजूक पडदे फाटून गर्भ मरतो. बाहेरून अंडं धडधाकटच दिसतं. चूक कळते ती दीड-दोन महिन्यांनी, घरटं उकरल्यावर.

हलवायचंच झालं तर बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओलसर वाळू घाला आणि अंडी एकेक करून, न फिरवता ठेवा. हिरव्या कासवाची एका घरट्यात शंभरच्या आसपास असतात. नवा खड्डा सुरईसारखा हवा, तोंड अरुंद आणि तळ रुंद. खोली हिरव्या कासवासाठी 60 ते 70 सेंटिमीटर, ऑलिव्ह रिडलेसाठी साधारण 45. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर ठेवा.

बहुतेक हॅचऱ्या फसतात त्या उन्हात. वाळू 29 अंश सेल्सिअसच्या आसपास असली तर नर-माद्या जवळपास सारख्या निपजतात. 31च्या वर जवळजवळ सगळ्या माद्याच. 33-34च्या पुढे पारा टिकला तर अंडी दगावू लागतात. पण घाबरून सगळ्या हॅचरीवर दाट सावली केली तर पारडं नरांकडे झुकतं. म्हणून खड्ड्यात थर्मामीटर ठेवून रोज नोंद करा आणि सावली तेवढ्यापुरतीच धरा.

लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावरचे मच्छीमार म्हणतात, कासवांनी समुद्री गवत संपवलं आणि मासळी घटली. हे खरं आहे का?
– एक वाचक, पुणे

त्यांची तक्रार खरी आहे. 1972च्या वन्यजीव कायद्याआधी तिथे होड्यांच्या लाकडाला कासवाचं तेल लावत. शिकार थांबली, आणि पुढे उथळ खाजणांत हिरव्या कासवांचे मोठे कळप चरू लागले. पाती सतत खुडली गेली की गवत विरळ होतं आणि त्यात आसऱ्याला असणारी मासळी जाते. जाळीने वेढलेल्या तुकड्यांत गवत पुन्हा उंच होतं, हे तिथल्याच प्रयोगांत दिसलं आहे. मच्छीमारांना कासवांचे शत्रू ठरवणं आम्हाला साफ चुकीचं वाटतं. त्यांच्या मदतीशिवाय तिथे कासव वाचणार नाही. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने 2025मध्ये हिरव्या कासवाला जागतिक पातळीवर संकटग्रस्त यादीतून बाहेर काढलं. प्रवाळातले स्पंज खाणारं हॉक्सबिल मात्र अजून अतिसंकटग्रस्त आहे. तेव्हा दोघांना एकाच मापाने मोजू नये.

पिल्लं बाहेर आली की दिवसभर टबात ठेवून संध्याकाळी पर्यटकांसमोर सोडली तर चालेल?
– एक वाचक, ठाणे

नाही. पोटातल्या बलकाची शिदोरी पहिल्या दिवसाच्या सलग पोहण्यासाठी असते, ती टबात हातपाय मारण्यात खर्च होते. शक्यतो पिल्लं वर येताच अंधारात सोडा, पाण्यापर्यंत त्यांना स्वतः चालू द्या आणि मोबाइलचे टॉर्च बंद ठेवा, कारण पिल्लू उजेडाकडे वळतं.